चौघांची परात

नवऱ्याला साखर झाली हे कळलं तेव्हा मला काळजीच्या आधी राग आला. खोटं कशाला बोलू? "बूट लागलाय जरा, बाकी काय न्हाय," असं म्हणत हा माणूस डाव्या पायाच्या बोटाला फडकं बांधून तीन आठवडे फिरत होता. शेवटी मीच त्याला धरून बारामतीच्या डॉक्टरांकडे नेलं. (कागदावर मी संघपालला एकेरीच लिहिणार आहे. तोंडावर 'अहो' म्हणते. चौदा वर्षांच्या संसारात एवढी सूट मी मिळवलेली आहे.)

रक्त तपासलं, साखर तीनशे दहा निघाली. डॉक्टर माझ्याकडे बघून बोलले, कारण हा छताकडे बघत होता. "गोळ्या देतो, पण नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही. जेवण मोजून द्या. तीन महिन्यांत ही जखम वाळली नाही तर बोट काढावं लागेल, आणि सरळच सांगतो, बोटावर थांबेलच असं नाही."

संघपाल कालव्यावर पाटकरी होता. लासुर्ण्याच्या अलीकडे चौकी, आणि चौकीपासून रोज आठ-नऊ किलोमीटर कालव्याच्या भरावावरून चालायचं. कुठं पाणी झिरपतंय, कुणी रात्रीतून दार उचललंय, हे बघणं हीच नोकरी. पाय गेला तर नोकरी गेली, आणि पाय गेलेला संघपाल घरात बसून काय करेल, ह्याचा विचार मी एकदाच केला आणि पुन्हा केला नाही. साल पंच्याण्णव होतं, महिना नोव्हेंबर.

माझी धाकटी बहीण मोनाली पुण्याला नर्स आहे. तिनं एसटीच्या ड्रायव्हरबरोबर एक डबा पाठवला. स्टीलचा, चपटा, आत चार खण. बरोबर चिठ्ठी होती : जपानातली माणसं असा डबा भरून नेतात, जेवढे खण तेवढंच जेवण, म्हणून ती जाड होत नाहीत, आमच्या दवाखान्यातल्या मॅडम सांगत होत्या. जपानातल्या माणसानं बाजरीची भाकरी बघितली आहे का, हे त्या मॅडमना विचारायला हवं होतं. पण डबा मला आवडला. मी मास्तरीण आहे. रकाने आखलेले असले की मला बरं वाटतं.

सगळ्यांत मोठा खण भाजीचा, त्याच्या निम्मा उसळीचा, तेवढाच भाकरीचा आणि लहान खणात काकडी नाही तर मुळा. भाकरी दीडच, तीही तळहाताएवढी, चतकोर करून. रविवार त्यातच जायचा. मेथी-चाकवत निवडून ओल्या फडक्यात गुंडाळायचं, मटकी आणि हुलगे मोडाला बांधायचे, लसूण सोलून डबीत भरायचा, दोडका-गवार चिरून फ्रीजमध्ये ठेवायची. मग आठवडाभर सकाळी नुसती फोडणी द्यायची, वाटीनं मोजून खण भरायचे आणि झाकण लावायचं. सांगवीच्या शाळेची घंटा चुकू नये म्हणून मी हे सगळं घड्याळावर बसवलं होतं.

सासूबाईंना, म्हणजे केसरबाईंना, हे अजिबात पटलं नाही. त्या चुलीजवळच्या पाटावर बसून माझी वाटी बघायच्या.

"अन्न मोजत्यात व्हय गं?"

"औषधासारखं मोजायचं आत्या. डॉक्टरांनी सांगितलंय."

"आमच्या वाट्याला जे यायचं ते दुसऱ्यानंच मोजलेलं असायचं. वरनं टाकल्यालं. तुझ्या सासऱ्यानं छप्पन सालीच सांगितलं व्हतं, हितनं म्होरं माझ्या पोराच्या ताटात कुणी मोजून घालायचं न्हाय."

"मी घालतेय. मी कुणी परकी आहे का?"

"सून म्हंजी परकीच की," असं म्हणून त्या हसल्या, पण दीड भाकरीकडे बघून त्यांनी तोंड वाकडं केलंच. ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं, त्यातली गत.

डबा रोज रिकामा यायचा. पुसून घेतल्यासारखा रिकामा. मी खूश. दीड महिन्यानं पुन्हा रक्त तपासलं तर साखर तीनशे तीस.

मी त्या दिवशी फार बोलले. इंदापूरच्या स्टँडवर भजी खाता का, फलाण्याच्या हॉटेलात बसता का, जिलेबी कोण चारतं. संघपाल खोटं बोलत नाही, हे मला माहीत आहे. तो फक्त गप्प बसतो, आणि ते खोट्यापेक्षा वाईट. "तू दिल्याल्या डब्यातलंच जेवतो," एवढंच तो म्हणाला. मग मी भाकरी एकच केली. जखमेवरची पट्टी काढली की मी आधी वास घ्यायचे, मग बघायचे.

एका शनिवारी सकाळची शाळा सुटली आणि घरी येऊन पाहते तर गोळ्यांची पुडी फळीवरच. मी तशीच एसटी धरली. लासुर्ण्याच्या अलीकडे उतरून चौकीपर्यंत चालत गेले तेव्हा साडेबारा वाजून गेले होते.

चौकीच्या पडवीत पोतं अंथरून चौघं बसले होते. बापूसाहेब आणि रामहरी हे दोघं पाटकरी, संघपाल, आणि जोतीराम आबा, चौकीचे मुकादम, लासुर्ण्याचेच. मध्ये पितळेची भली मोठी परात. मी कडुलिंबाच्या आड होते, त्यांना दिसले नव्हते. माझ्या डोळ्यांसमोर आबांनी माझा डबा उचलला, झाकण काढलं आणि चारी खण एका झटक्यात परातीत पालथे केले. त्यावर रामहरीचा आमटी-भात आला. बापूसाहेबांच्या डब्यातून तुपात थबथबलेली वांगी आली. आबांच्या फडक्यातून भाकऱ्या आल्या, आणि वर दाण्याच्या गूळ घातलेल्या पोळ्या. चार हात एकदम परातीत गेले.

माझा सगळा रविवार त्या परातीत पडलेला मी बघत उभी राहिले. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात ते हेच. दीड महिना मी डबा मोजत होते, आणि जेवण परातीत होत होतं.

आबांनीच मला आधी पाहिलं. "अरं, बाई आल्या! या, या, बसा. तुमचंच खातुया आमी. तुमची मटकी लई बेस असती. पर भाकरी लई बारकी करता बघा. पोरगं रोज मैलोन्‌मैल चालतंय, उपाशी ऱ्हाईल म्हणून मी आपल्या दोन जास्तीच्याच आणतो त्याच्यासाठी. परवापास्नं तर एकच देताय. म्हणून मी तीन आणतो." असं म्हणून त्यांनी एक पोळी मोडली आणि निम्मी संघपालच्या हातावर ठेवली. संघपालनं माझ्याकडे न बघता ती खाल्ली.

म्हटलं, काय ते घरी बोलू. गोळ्यांची पुडी त्याच्या खिशात सरकवली. आबांनी बसवलं म्हणून बसले आणि चार घास त्या परातीतले मीही खाल्ले. खरं सांगायचं तर गोड लागले.

संध्याकाळी संघपाल मागच्या पायरीवर बसला होता. मी कोमट पाण्याचं घमेलं आणलं, त्याचा पाय त्यात ठेवला आणि म्हणाले, "आता बोला."

तो बोलला, कारण सुटका नव्हती. परातीची गोष्ट मला माहीत होती, पण जुनी गोष्ट म्हणून; माझा मोजलेला डबाही तिच्यातच जात असेल हे डोक्यात आलं नव्हतं. लग्नानंतर त्यानं मला सांगितलेली ती पहिलीच गोष्ट. एकोणऐंशी साली तो कालव्यावर लागला तेव्हा दोन वर्षं तो पुलाच्या कठड्यावर एकटा बसून जेवायचा. पाणी वरून ओतायचे. मग एक दिवस जोतीराम आबांनी स्वतःच्या घरची परात आणली, सगळ्यांचे डबे त्यात ओतले आणि हाक मारली, संघपाल, हिकडं ये. बापूसाहेब तीन दिवस जेवायला आले नाहीत, चौथ्या दिवशी आले. तेव्हापासून परात रोज निघते. चौदा वर्षांत एकही कामाचा दिवस चुकला नाही.

"मग त्यांना सांगा ना, आजार आहे म्हणून. आबा चांगला माणूस आहे."

"सांगितलं तर म्हणतील, तुझ्या भल्यासाठीच म्हणतुया, तू आपला डबा घिऊन बाजूला बस. मी बाजूला बसायचं?"

"थोडे दिवस."

"एकदा उठलो की परातीला तिघं पुरं व्हत्यात, मेघना."

माझा राग गेला. मीही त्याच वस्तीत वाढलेली, मला काय समजावून सांगायचं होतं? पण पाण्यातून पाय काढून पुसायला लागले आणि ते बोट पाहिलं, तसा राग परत आला. "परातीसाठी पाय देणार तुम्ही?" तो म्हणाला, "शब्द दे, तू कुणाला सांगणार न्हाईस." मी दिला. नवऱ्याला दिलेला शब्द मी मोडत नाही असा माझा समज होता.

मग मी दुसरा उद्योग केला. डबा चौघांना पुरेल एवढा करायला लागले. दोन डबे भाजी, एक डबा मटकी. म्हटलं परातच भरून टाकू, पोळीला जागा नको. आबांनी निरोप पाठवला, बाईंनी एवढा त्रास घेऊ नये, पण भाजी झकास होती. आणि त्या निरोपाबरोबर माझ्यासाठी दोन पोळ्या आल्या.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जखमेची कड काळी पडली. साखर तीनशे चाळीस. डॉक्टर म्हणाले, "फेब्रुवारीची वाट बघू नका, तयारी ठेवा."

त्याच आठवड्यात बारामतीच्या बाजारात मला जोतीराम आबा दिसले. हातात मेथीच्या दोन जुड्या, भाव करत होते. मी तिथंच, त्या गर्दीत, सगळं सांगून टाकलं. साखर, बोट, डॉक्टर, तुमच्या पोळ्या. बोलताना माझा आवाज चढला असणार, कारण भाजीवाली आमच्याकडे बघायला लागली.

आबांनी भाव करायचं सोडलं. मग विचारलं, "कुठलं बोट?"

"डाव्या पायाचं. अंगठ्याशेजारचं."

"म्हंजी मी रोज…" एवढं म्हणून ते थांबले. मेथी पिशवीत घालायची सोडून हातातच धरून निघून गेले.

घरी जाऊन मी संघपालला आपण होऊन सांगितलं, मी शब्द मोडला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं नुसती चप्पल घातली आणि वेशीपर्यंत जाऊन आला. दुसऱ्या दिवशी कामावरून परतल्यावर म्हणाला, "परात निघाली न्हाय. आबा रजेवर." त्यापुढच्या दिवशीही तेच. परात ठेवायच्या कपाटाची किल्ली आबांकडे. चौकीवर ज्यानं त्यानं आपला डबा जिथं जागा मिळेल तिथं खाल्ला. "बापूसाहेब आतल्या खोलीत, रामहरी झाडाखाली."

"आणि तुम्ही?"

"कठड्यावर," तो म्हणाला. त्या दोन दिवसांत त्यानं माझा डबा मापात, एकट्यानं, सगळा खाल्ला. मला हवं होतं ते झालं होतं आणि मी मोरीत जाऊन रडले. चौदा वर्षांचं काम मी भाजीबाजारात उभी राहून मोडलं, असंच मला वाटत होतं.

रविवारी सकाळी मी मटकी निवडत होते, तेव्हा दारात आबा उभे. धुतलेलं धोतर, नवी टोपी. रोज एका परातीत जेवणारा हा माणूस आमच्या घरी पहिल्यांदाच येत होता, हे मला तो उंबऱ्यात उभा राहिल्यावर लक्षात आलं.

"रामराम."

"जय भीम, आबा. या," संघपाल उठला.

केसरबाईंनी पाटावरूनच विचारलं, "चा घेता न्हवं आमच्यातला?"

"घेतो की, मावशी. द्याल तर."

मी बिनसाखरेचा चहा सगळ्यांनाच दिला. आबांनी एक घोट घेतला, तोंड कसं झालं ते मी बघितलं, पण कप त्यांनी संपवला. मग म्हणाले, "संघपाल, मला का सांगितलं न्हाईस? मी तुला जबरी करून वाढत व्हतो. गूळ घालून. एकदा तरी नको म्हणायचंस."

संघपाल खाली बघत होता. "नको म्हणून बघायची छाती झाली न्हाय, आबा."

"माझं भ्या वाटतंय व्हय तुला?"

संघपालनं कप बाजूला सारला. मग बोलला, अगदी हळू, तक्रारीचा सूर नव्हताच. "पहिल्या दिवशी मी डबा घिऊन पडवीत आलो व्हतो. तुमीच म्हणाला, तू तिकडं कठड्यावर बस. तुमीच, आबा."

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. कठड्यावर बसवणारा म्हणून मी इतकी वर्षं कुणी तरी मिशाळ, मेलेला मुकादम मनात धरला होता. त्या माणसाला मी मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या होत्या. आणि परात आणणाऱ्या आबांना दर दिवाळीला चिवडा पाठवला होता.

आबा काय म्हणणार हे मला ठाऊक होतं, सगळेच म्हणतात : तो काळच तसा होता. ते म्हणाले नाहीत. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "व्हय. मीच. परातीचं मी गावभर सांगत फिरलो. हे कुणाला सांगितलं न्हाय. घरात बायकोला, शकुबाईलापन न्हाय."

"मी पन न्हाय," संघपाल म्हणाला. "चौदा वर्षं जेवलो तुमच्यात, लई गोड जेवलो. पर रोज बसताना वाटायचं, ही जागा दिल्याली हाय. दिल्याली जागा परत मागता येती. मग कशाला नको म्हणायचं, कशाला कुणाला कारन द्यायचं."

"पाय गेला असता की रं, येड्या."

"गेला असता."

आबांनी डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. म्हातारा माणूस माझ्या स्वयंपाकघरात बसून रडत होता आणि मला त्याची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदम. मी त्याला पाणी दिलं.

"उद्या परात काढतो," ते शेवटी म्हणाले. "तू तुझा डबा घिऊन ये. त्यातलंच खा. पर बसायचं तितंच, रोजच्या जागंवर. अन् मी सवयीनं वाढाय लागलो तर नको म्हण. म्हणून तर बघ."

"अन् तुमी न्हाय ऐकलं तर?" केसरबाईंनी विचारलं.

"तर माझा हात धरा म्हणावं, मावशी."

जखम वाळायला मार्च उजाडला. नख गेलं, बोट राहिलं. डॉक्टरांनी मला शाबासकी दिली, मी ती घेतली. पण मला सांगायचं आहे ते त्या सोमवारचं.

संघपाल दिवस मावळायच्या आत घरी आला आणि पायरीवर बसला. मी पाण्याचं घमेलं आणलं. त्याचा पाय धुता धुता विचारलं, "परात निघाली?"

"निघाली."

"तुम्ही?"

"जागंवर. डबा मांडीवर घेतला. आबानं तिघांचं ओतलं, माझ्या डब्याला हात लावला न्हाय. मग जेवता जेवता इसरला. पोळी मोडली अन् निम्मी माझ्याम्होरं धरली."

"मग?"

"मी म्हणालो, नको आबा."

माझा हात पाण्यातच थांबला. "काय म्हणाले?"

"बरं, म्हणाला. अन् सोताच खाल्ली. रामहरी पाळीच्या पाण्याचं काय तरी बोलत व्हता, तो बोलतच ऱ्हायला."

"म्हणजे काहीच झालं नाही?"

"काहीच न्हाय." तो समोरच्या बोरीकडे बघत होता. "कुणाचा घाससुदीक थांबला न्हाय गं. माझाच थांबला." आणि चौदा वर्षांत मी कधी रडताना न पाहिलेला माझा नवरा तोंडावर पंचा धरून लहान पोरासारखा रडायला लागला. मी त्याचा पाय हातात धरून बसून राहिले.